रविवारचं टेस्टिंग

बाबांच्या दुकानात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. रेडिओ किंवा टेप दुरुस्त करून परत जोडला की एखादा स्क्रू हमखास उरतो. मशीन छान वाजत असतं, गिऱ्हाईक खूश असतं, आणि स्क्रू टेबलावर! बाबा तो डब्यात टाकतात. आता डबा काठोकाठ भरलाय. कुठला स्क्रू कुठल्या मशीनचा, हे कोणालाच सांगता येणार नाही, पण टाकून द्यायचं बाबांच्या जिवावर येतं.

आमच्या माळ्यावरचे किस्से असेच साठलेत. मला चारचौघांत बोलायची लाज वाटते, त्यामुळे मी ते कोणाला सांगितले नाहीत. लिहायला मात्र लाज वाटत नाही. म्हणून डबा उघडते, हाताला येतील ते बघा.

*

दौंड स्टेशनाजवळ आमचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानावर लाकडी फळ्यांचा माळा. मी चौथीत होते तेव्हा मॉरिस अंकल त्यांचा रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीला घेऊन आले.

अंकल म्हणजे रेल्वेचे रिटायर्ड इंजिन ड्रायव्हर. गोरे, उंच, डोक्यावर हॅट. पहिल्यांदा भेटणारा माणूस बिचकत बिचकत त्यांच्याशी इंग्रजीत सुरुवात करतो. अंकल दोन वाक्यं ऐकून घेतात आणि म्हणतात, "नीट बोल की रं मर्दा! मला काय कळंना तू काय म्हनतो ते!" जन्म दौंडातला, शाळा दौंडातली, नोकरी दौंडातली. इंग्रजी त्यांना येतं, पण ते चर्चसाठी आणि शिव्यांसाठी राखून ठेवलेलं आहे.

बाबांनी आठ दिवसांत मशीन तयार केलं. अंकल आले.

"झाला का रं सुभाष?"

"झालाय अंकल. घेऊन जा."

"असा कसा नेऊ? टेस्टिंग नको का करायला?"

रविवारी दुकान बंद असतं. अंकलनी घरून एक रेकॉर्ड आणली आणि दोघांनी माळ्यावर बसून दोन्ही बाजू ऐकल्या. पुढच्या रविवारी दुसरी आणली. त्याच्या पुढच्या रविवारी तिसरी. आता मी दहावीत आहे. मशीनला दोऱ्यानं बांधलेलं पुठ्ठ्याचं कार्ड अजून तसंच आहे. त्यावर बाबांच्या अक्षरात लिहिलंय, 'मॉरिस. टेस्टिंग चालू.'

आई एकदा म्हणाली, "सहा वर्षं झाली. एक मशीन टेस्ट होईना तुमच्याच्यानं?"

बाबा गंभीरपणे म्हणाले, "नाजूक आहे ते."

*

अंकलच्या अकरा रेकॉर्डी आहेत, सगळ्या जॅझच्या, साठच्या दशकातल्या. ड्युटीवर मुंबईला गाडी नेली की रेस्टच्या वेळात जाऊन एकेक आणायची, असं त्यांनी तरुणपणी केलं. वाजवणाऱ्यांची नावं आमच्यापैकी कोणाला धड उच्चारता येत नाहीत. त्यामुळे कव्हरवरूनच नावं पडली. टोपीवाला. धूरवाली. जिना. दोन खुर्च्या. आणि निळी.

ऐकायला साळवे मामा शिरूरहून येतात. मामा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. जयंतीच्या मिरवणुकीत आणि लग्नांत शिरूरला त्यांच्यावाचून पान हलत नाही. ते पहिल्यांदा आले होते बँडचा अँप्लिफायर दाखवायला, चुकून रविवारी. खाली उभे असताना वरून सॅक्सोफोन ऐकू आला. मामा बोलता बोलता थांबले, न विचारता जिना चढून वर गेले आणि बसले. शेवटची एसटी चुकली तेव्हा त्यांना आठवलं, की अँप्लिफायर अजून रिक्षातच आहे.

आईनं त्यांना विचारलं होतं, "मामा, जॅझ म्हणजे नक्की काय हो?"

मामांनी जरा विचार केला. "असं बघा वहिनी. आधी समद्यांनी मिळून एक चाल वाजवायची. मग ज्यानं त्यानं आपापल्या घरी जाऊन यायचं. कोण शेतातनं जातो, कोण नदीतनं. आन् शेवटी परत चावडीवर एकत्र जमायचं."

"आणि कोणी वाट चुकला तर?"

"तवा तर खरी मजा येती!"

मी माळ्याच्या कोपऱ्यात अभ्यासाची वही घेऊन बसते. बोलत नाही, पण सगळं बघते. म्हणून अंकल मला 'गार्डसाहेब' म्हणतात. गाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड बसतो. तो सगळं टिपून ठेवतो, आणि त्यानं झेंडी दाखवल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही.

*

निळीचं वेगळं आहे.

निळी दुसऱ्या बाजूला एका ठिकाणी अडकते. सॅक्सोफोन एक लहानशी ओळ वाजवतो आणि सुई तिथंच घुटमळते. तीच ओळ, परत तीच ओळ, परत तीच. अंकलच्या जुन्या क्वार्टरला लाकडी जमीन होती. अंकलच्या पत्नी, ग्लॅडिस आंटी, स्वयंपाकघरात असायच्या. ओळ दुसऱ्यांदा आली की त्या तिथूनच जमिनीवर टाच मारायच्या, सुई उडी मारून पुढं जायची आणि आंटी फोडणीकडे वळायच्या. असं वर्षानुवर्षं.

आंटी गेल्यावर महिन्याभरात अंकल मशीन घेऊन आमच्या दुकानात आले होते. "मधीच अडकतंय," म्हणाले होते.

बाबांनी तबकडी फिरवणारा आतला पट्टा बदलला, तेलपाणी केलं. मग रेकॉर्ड भिंगाखाली धरली, तर चरा रेकॉर्डवर. बाबा म्हणाले, "अंकल, मशीनमध्ये काही नाही. अडकते ती ही रेकॉर्ड."

"मला ठाव हाय," अंकल म्हणाले. "पन आता टाच कोन मारनार?"

 बाबांनी निळी लावली, ती जागा आली, ओळ दुसऱ्यांदा वाजली आणि बाबांनी माळ्याच्या फळीवर टाच मारली. सुई पुढं गेली.

तेव्हापासून निळी लावली की ती जागा आल्यावर आम्ही सगळे टाच मारतो. मीसुद्धा. खालून जाणाऱ्या माणसांना वाटतं, वर कुणीतरी उंदीर मारतंय.

*

अंकलची मुलगी शॅरनताई जुन्या क्वार्टरमध्येच वाढली, आता ऑस्ट्रेलियात असते. अंकलनी कायमचं तिकडे यावं, असा तिचा हट्ट. अंकल म्हणायचे, "माझ्या रेकॉर्डी सोडून मी कुठं येत न्हाई. आन् इमानात एवढं वजन घेत न्हाईत."

शॅरनताई हुशार. तिनं शोध लावला, की त्या सगळ्या जुन्या रेकॉर्डी आता सीडीवर नव्यानं निघाल्यात. धड्यांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते ना, तसं. तिनं एक लहानसा सीडी प्लेअर पाठवला आणि मग एकेक सीडी. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'पप्पा, हे तेच आहे. अकराही पाठवते. मग तर याल?'

अंकलनी फोनवर कबूल केलं. फक्त एक अट घातली. प्रत्येक सीडी टेस्टिंगमध्ये पास झाली पाहिजे.

इथं दत्ताकाका आले. दत्ताकाका म्हणजे मामांचे सख्खे भाचे. कारेगावला खोली घेऊन राहतात, रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला आहेत. मामांना मोटरसायकलवर दौंडला तेच आणतात. खिशात कायम भिंग. हॉटेलात भजी आली तरी आधी उलटीपालटी करून बघतात. त्यांनी कंपनीसारखा फॉर्म तयार केला: मालाचं नाव, तपासणी, निकाल, कारण. फॉर्म भरायचं काम माझ्याकडे, कारण अक्षर चांगलं.

पहिली आली टोपीवाला. एवढंसं कव्हर! दत्ताकाकांनी भिंग लावलं. "टोपी कुठाय?"

बाबा म्हणाले, "आहे की. बारीक झालीय."

"टोपी दिसत न्हाई त्याला टोपीवाला कसं म्हनायचं? चला, वाजवून बघू." असं म्हणून ते खाली पाणी प्यायला गेले आणि धाडधाड जिना चढून वर आले, तर त्या धक्क्यानं सीडीनं टर्र करून उडी मारली आणि मागचंच परत वाजवू लागली.

"लिही पोरी. धक्का सहन होत नाही. रिजेक्ट!"

बाबा म्हणाले, "दत्ता, त्यापेक्षा तुझं वजन रिजेक्ट कर."

सगळे हसले. अंकल सगळ्यांत जास्त हसले. एक सीडी नापास म्हणजे जायचं तेवढं लांबलं, हे त्या दिवशी सगळ्यांच्याच लक्षात आलं होतं. 

*

दुसरी सीडी, धूरवाली. वाजायला लागली आणि मामांचा चेहरा बदलला. "ह्यो माणूस आजारी हाय काय? आवाज बसलाय, चाल पन मंद."

त्यांनी पिशवीतून क्लॅरिनेट काढलं. रेकॉर्डबरोबर वाजवलं, सूर अगदी मिळाला. सीडीबरोबर वाजवलं, तर अर्धी पट्टी खाली! "सीडीवाल्यांनी घोळ घातला," मामांनी निकाल दिला.

 बाबांनी मशीनचं झाकण काढलं, आतल्या पट्ट्यावर बोट फिरवलं आणि त्यांचे कान लाल झाले. सहा वर्षांपूर्वी ओरिजिनल पट्टा मिळाला नाही, म्हणून त्यांनी सायकलच्या ट्यूबचा कापून बसवला होता. तो जाड. त्यामुळे रेकॉर्ड थोडी जलद फिरत होती. सहा वर्षं आम्ही सगळं जॅझ घाईत ऐकलं होतं!

"अंकल, चूक माझी," बाबा म्हणाले. "पुण्याहून नवा पट्टा आणून बसवतो."

"गप रं. मला पयल्या दिवशीच कळलं होतं."

"मग बोलला नाहीत?"

अंकल म्हणाले, "गाडी बिफोर टाइम पळती म्हनून कुठला ड्रायव्हर कंप्लेंट करतो?"

मी फॉर्मवर लिहिलं: सीडी लेट धावते. रिजेक्ट.

*

एका सीडीला जपानी अक्षरांची कागदी पट्टी गुंडाळलेली होती, ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तशी. दत्ताकाका ती काढू देईनात. "सील तुटलं की कंपनी माल परत घेत न्हाई."

"अरे, पण वाजवल्याशिवाय तपासणार कसा?"

"आन् सील तोडल्यावर परत पाठवनार कसा?"

तीन रविवार ती सीडी टेबलावर नुसती ठेवलेली होती आणि आम्ही तिच्याभोवती बसून दुसऱ्याच रेकॉर्डी ऐकत होतो. निकालाच्या रकान्यात मी लिहिलं: पेंडिंग.

*

'जिना'च्या सीडीवर जास्तीची गाणी होती. बोनस ट्रॅक. ऐकली तर तेच गाणं आणखी दोनदा. अंकलनी सांगितलं, रेकॉर्ड करताना ते पुन्हा पुन्हा वाजवून बघतात आणि सगळ्यांत चांगलं निवडतात. उरलेलं इतकी वर्षं पेटीत पडून होतं, ते आता नव्या आवृत्तीत घातलं.

मामा थक्क झाले. "रियाज इकतात? आमचा रियाज ऐकून शेजारी भांडायला येत्यात!"

दत्ताकाका म्हणाले, "ऑर्डर एकाची, माल तीन. जादा माल. रिजेक्ट."

पण शेवटच्या ट्रॅकमध्ये एक गंमत होती. सॅक्सोफोनवाला छान सुरुवात करतो आणि मध्येच चुकतो. सगळे थांबतात. शांतता. मग तो काहीतरी बोलतो, कोणीतरी हसतं, आणि पहिल्यापासून सुरू.

"काय म्हणाला तो?" बाबांनी विचारलं.

"पुन्हा घेऊ, म्हनाला."

त्याच आठवड्यात शाळेत माझी बातम्या वाचायची पाळी होती. दुसऱ्या बातमीला मी अडकले होते आणि कागद तिथंच टाकून वर्गात पळून आले होते. घरी कोणाला सांगितलं नव्हतं. अंकलना कसं कळलं माहीत नाही, पण त्यांनी तो ट्रॅक परत लावला. मग आणखी एकदा. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

पुढच्या पाळीला मी परत दुसऱ्याच बातमीला अडकले. समोर सगळी शाळा.  मी डोळे मिटले आणि माइकमध्ये म्हणाले, "पुन्हा घेते."

पोरं खोखो हसली. मी पहिल्यापासून सगळ्या बातम्या वाचल्या. नंतर बाईंनी विचारलं, "अगं, पहिली बातमी परत कशाला वाचलीस?"

बाईंना काय सांगणार? बोनस ट्रॅक!

*

'दोन खुर्च्या' या रेकॉर्डवर एक गाणं पाच मात्रांचं आहे. मामांना ते इतकं आवडलं, की त्यांनी बँडमधल्या पोरांकडून बसवून घेतलं आणि शिरूरच्या एका वरातीत वाजवलं.

वरात जागच्या जागी थांबली. नाचणाऱ्या पोरांचे पाय एकमेकांत अडकायला लागले. नवरदेवाचा मित्र ओरडला, "ओ मामा, काय वाजवताय? पाय कुठं टाकायचा?" नवरदेवाचे मामा घोड्याचा लगाम धरून म्हणाले, "बँडचा सेल संपला काय?"

साळवे मामा वाजवणं बंद करणार, एवढ्यात नवरदेवाचे आजोबा पुढं आले. धनगरवाड्यातले आबा, डोक्यावर पिवळा फेटा, उभा जन्म जत्रेत ढोलावर गजी नाचलेले. त्यांनी थोडा वेळ कान देऊन ऐकलं, धोतर सावरलं आणि नाचायला सुरुवात केली. एक पाऊल चुकलं नाही! बँडवाले चेकाळले. गाणं चांगलं वीस मिनिटं चाललं.

नंतर मामांनी पाया पडून विचारलं, "आबा, तुम्हाला कसं जमलं?"

"त्यात काय? ह्यात एक पाऊल जास्तीचं हाय. त्येवढं आपल्यापाशी ठिवायचं."

हे सांगताना मामांचे डोळे भरून आले होते. अंकल म्हणाले, "साळव्या, ही बातमी अमेरिकेला कळवाया पायजे!"

*

शॅरनताईला वाटलं, पप्पांना सीडी आवडत नाहीत. तिनं एकदा सीडीऐवजी नवी कोरी रेकॉर्डच पाठवली. हल्ली जुन्या रेकॉर्डी परत तशाच काळ्या तबकडीवरही काढतात, आणि जाडजूड काढतात.

दत्ताकाका ती घेऊन शेजारच्या किराणा दुकानात गेले, जुनीसुद्धा बरोबर नेली. दोन्ही तराजूत टाकल्या. नवीकडचं पारडं खाली!

धावत वर आले. "अंकल! ताईनं सोताच्या हातानं इमानातलं वजन वाढवलं!"

अंकलनी सगळ्यांना त्या दिवशी भेळ दिली.

*

असं आठ-नऊ महिने चाललं. ती जाड रेकॉर्ड सोडून दहा सीडी आल्या, दहाही नापास किंवा पेंडिंग. मग एका रविवारी अंकल माळ्याच्या जिन्यावरून घसरले. मनगट मोडलं. प्लास्टर घातलं, आठवडाभर घरीच होते. शेजारच्या बाई सकाळी डबा द्यायच्या, आम्ही संध्याकाळी जाऊन यायचो.

शॅरनताईचा फोन दुकानात आला. मी शेजारीच उभी होते, आवाज बाहेर येत होता.

"सुभाषभाऊ, तुम्ही पप्पांवर किती माया करता, मला माहीत आहे. पण तुम्ही त्यांना रविवारी भेटता. बाकीचे सहा दिवस त्यांना कोण बघतं?"

बाबांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला, जणू त्या कानाला उत्तर येणार होतं.

पुढच्या रविवारी माळ्यावर कोणी मशीन लावलं नाही. बाबांनी फोनचं सगळं सांगितलं. मामा क्लॅरिनेटची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. शेवटी दत्ताकाकांनी माझ्याकडून सगळे फॉर्म मागून घेतले. जपानी पट्टी स्वतःच्या नखानं सोडवली. मग एकेक फॉर्म मांडीवर घेऊन 'रिजेक्ट', 'पेंडिंग', जुनी कारणं, सगळं खोडलं आणि 'पास' लिहिलं. दहाच्या दहा. प्रत्येकावर सही केली.

फॉर्म अंकलच्या घरी नेऊन दिले. अंकलनी चष्मा लावून सगळे वाचले. डाव्या हातानं नीट एकावर एक रचले.

"एवढी घाई झाली व्हय रं," ते म्हणाले, "मला पाठवायची?"

दत्ताकाका क्वालिटीतला माणूस. कारणाचा रकाना भरल्याशिवाय ते कधी सही करत नाहीत. त्या दहाही फॉर्मांवर खोडलेल्या कारणाच्या जागी नवं कारण नव्हतं.

*

अकरावी सीडी घेऊन शॅरनताई स्वतः आल्या. निळी. पर्समध्ये गुरुवारची दोन तिकिटं. अंकलच्या घरी ट्रंक भरून दोरीनं बांधून ठेवलेली. अकराही रेकॉर्डी बाबांकडे राहणार, असं ठरलं होतं.

"पप्पा म्हणाले, ही पास झाली की निघायचं," शॅरनताई म्हणाल्या. मराठी जरा गंजलेलं, पण दौंडचंच. "मग करा टेस्टिंग. माझ्यासमोर."

आम्ही चपला जिन्याखाली काढतो. त्या टाचेच्या सँडल घालूनच वर आल्या. 

आम्ही चौघांनी आधीच ठरवलं होतं. रेकॉर्ड लावायची नाही. फक्त सीडी लावायची, ती जागा आली तरी टाच मारायची नाही, गाणं संपलं की पास लिहायचं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. शॅरनताईंना आमच्या टाचेबद्दल कोणीच काही सांगितलं नव्हतं.

बाबांनी बटण दाबलं. स्वच्छ आवाज. खरखर नाही, घाई नाही. अंकल प्लास्टरकडे बघत बसले होते. शॅरनताई भिंतीला टेकून उभ्या होत्या, हाताची घडी घालून.

दुसऱ्या बाजूची गाणी सुरू झाली. ती जागा जवळ आली तसे बाबांनी दोन्ही गुडघे हातांनी दाबून धरले. मामांनी मांडी घालून पाय स्वतःखाली घेतले. दत्ताकाकांनी पेनाचं टोपण काढलं. मी पायाची बोटं आवळली.

सॅक्सोफोनची ती लहानशी ओळ आली. अडकली नाही. सरळ पुढं निघाली.

धाड!

फळी हादरली. सीडीनं टर्र केलं, मागं उडी मारली, आणि तीच ओळ परत वाजली.

मी सगळ्यांचे पाय बघितले. आमच्यापैकी कोणीच हललं नव्हतं. शॅरनताई मात्र भिंतीपासून सरळ झाल्या होत्या आणि स्वतःच्या उजव्या सँडलकडे अशा बघत होत्या, जणू ती दुसऱ्याच कोणाची आहे.

बाबांनी सीडी थांबवली. खाली स्टेशनावर कुठल्यातरी गाडीची अनाउन्समेंट चालू होती. 

दत्ताकाकांनी फॉर्म धरला होता, पण त्यांचं पेन कागदाला टेकत नव्हतं. "पास का...?" त्यांनी हळूच विचारलं. त्यांनी शॅरनताईंकडे बघितलं, शॅरनताईंनी अंकलकडे.

अंकलनी माझ्याकडे बघितलं. "गार्डसाहेब?"

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या.  मी डोळे मिटले.

"पुन्हा घेऊ," मी म्हणाले.

शॅरनताई जिना उतरून खाली गेल्या. आम्हाला वाटलं, गेल्या. मग त्या अनवाणी परत वर आल्या आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसल्या. मी वाकून खाली बघितलं. त्यांच्या सँडल आमच्या चपलांच्या रांगेत नीट लावलेल्या होत्या.

"सीडी नको," त्या म्हणाल्या. "रेकॉर्ड लावा."